स्तनदा मातेचे औषध आणि बालकाचे दूध

कृष्णाकाठी दूधदुभत्याची वहिवाट जुनी. म्हशीला काससुजी झाली आणि सडात प्रतिजैविकाची नळी सोडली, की ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालावयाचे नाही, हा नियम सातारा व सांगली जिल्ह्यांतील गोठ्यांना परिचित आहे. हाच नियम घरच्या बाळंतिणीला लावणे मात्र अनाठायी होय.

सडात सोडलेले औषध थेट दुधात मिसळते. त्या दुधाला विरजणही नीट लागत नाही. मातेने घेतलेली गोळी आधी रक्तात उतरते आणि तिचा अल्पसा अंशच दुधात येतो. अमॉक्सिसिलिनच्या बाबतीत, वजनाच्या मानाने, बालकाला मिळणारी मात्रा मातेच्या मात्रेच्या सुमारे १ टक्का भरते. १० टक्क्यांहून कमी मात्रा सामान्यतः निर्धोक मानतात. ज्या पेनिसिलीनसाठी १९५४ मध्ये पिंपरीचा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्याच्या कुळातील बहुतेक औषधे याच प्रकारात मोडतात. सेफॅलोस्पोरिन वर्गाचेही तसेच.

गळीत हंगामात कराड, वाळवा या तालुक्यांत ऊसतोडणीसाठी आलेली माता पहाटे फडात जाते, तान्हे कोपीवर राहते. पाजण्यात खंड पडला की दूध साकळते, स्तन लाल होऊन दुखतो, ताप भरतो. अशा स्तनदाहात पाजणे थांबविल्यास दूध अधिकच तुंबून गळू होण्याचा धोका वाढतो. शिवाय बाटलीतून वरचे दूध सुरू होते आणि कोपीवर ती बाटली उकळून घेणार कोण? औषधाच्या अंशापेक्षा त्या बाटलीतून होणारी हगवण बालकाला कितीतरी अधिक बाधक ठरते.

सर्वच प्रतिजैविके सारखी नव्हेत. क्लोरॅम्फेनिकॉल स्तनदा मातेने टाळावे. बालक अपुऱ्या दिवसांचे किंवा कावीळ झालेले असल्यास सल्फा औषधे वर्ज्य समजावीत. टेट्रासायक्लिन दीर्घकाळ घेऊ नये. मेट्रोनिडॅझोलने दुधाला कडसर चव येते, त्यामुळे एखादे मूल तोंड फिरवते. ते दूध नासले असे नव्हे.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात वा मिरज, सातारा येथील शासकीय रुग्णालयात औषध घेताना आपण अंगावर पाजत आहोत, बालक किती दिवसांचे आहे व ते वेळेपूर्वी जन्मले काय, हे मातेने आपण होऊन सांगावे. बालकास पातळ जुलाब, तोंडात पांढरे चट्टे वा अंगावर पुरळ दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. तोवर पाजणे चालू ठेवावे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नयेत.