पाटी काढायच्या आधी पाटी वाचा!

रात्री जेवण झाल्यावर रील्स चाळताना रिस्टोरेशनचा एखादा व्हिडिओ समोर आला, की पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. गंजून लाल झालेला लेथ, त्याच्यावर रॉकेलचा फवारा, सॅंडपेपर, प्रायमर, रंगाचे दोन हात आणि शेवटी शोरूममधून आणल्यासारखी चकाचक मशीन. बघायला भारीच वाटतं. पण या व्हिडिओंमध्ये एक काम हमखास दोन सेकंदांत उरकलेलं असतं. मशीनवर रिव्हेट मारून बसवलेली पितळी नेमप्लेट एका शॉटमध्ये मशीनवर असते आणि पुढच्या शॉटमध्ये थेट टेबलवर! मधलं सगळं कट. आणि खरी गडबड होते ती नेमकी त्या मधल्या भागात.

मेकॅनिकलवाले आणि आयटीआयचे टर्नर-फिटर मित्र सांगतील, की जुन्या मशीनवरची पाटी म्हणजे तिचा जन्मदाखला. कंपनी, गाव, मॉडेल, सिरियल नंबर आणि मोटरच्या पाटीवर व्होल्टेज, फेज, आरपीएम. ‘हरिहर’ एवढा एक शब्द वाचला तरी जाणकाराला कळतं, की हा लेथ १९४१ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या कारखान्यातला. ‘एचएमटी’ दिसलं तर गोष्ट १९५३ नंतरची, कारण त्या साली बंगळुरूला एचएमटी उभी राहिली.

लेथवर अजून एक पाटी असते, ती म्हणजे आट्यांचा तक्ता. कोणते गिअर लावले की कोणते आटे पडतील, हे त्यावर कोरलेलं असतं. जुन्या मशीन बऱ्याचदा इंचाच्या मापातल्या. म्हणजे एका इंचात किती आटे, असा हिशेब. हा तक्ता हरवला, तर पुढे त्या लेथवर काम करणाऱ्याला प्रत्येक वेळी दात मोजत बसावं लागतं. स्पेअर पार्ट शोधायचा म्हटलं तरी पहिला प्रश्न येतो, ‘मॉडेल कोणतं?’ पाटी नसेल तर सांगणार काय?

एक किस्सा तर सॉलिड आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मशीन इतक्या घाईत तयार होत होत्या, की कास्टिंग घासून गुळगुळीत करायला वेळच नव्हता. म्हणून काही मशीनवर ‘वॉर फिनिश’ अशी पाटी लावली जायची. अर्थ सरळ होता, वरून खडबडीत दिसतेय ते युद्धामुळे, आतल्या कामात कसर नाही. आता अशी मशीन कोणी पुट्टी भरून गुळगुळीत केली आणि पाटी काढून टाकली, तर मशीन सुंदर दिसेल, पण तिची गोष्ट पुसली जाईल.

आपल्याकडे या पाट्यांचं आणखी एक होतं. दसरा, खंडेनवमी आली की वर्कशॉपमध्ये साफसफाई होते, मशीनला हळदकुंकू आणि झेंडूचा हार चढतो. त्याआधी रंगाचा एक हात मारायचा असेल, तर घाईत ब्रश पाटीवरूनही फिरतो. अशी वर्षं गेली की पाटी हिरव्या रंगाच्या थराखाली गायब!

मग ती काढायची कशी? पहिला प्रश्न हा, की काढायची गरज आहे का? नुसता रंगच द्यायचा असेल, तर पाटी जागेवर ठेवून तिच्यावर काळजीपूर्वक ग्रीस किंवा व्हॅसलिनचा पातळ थर लावता येतो. रंग त्यावर धरत नाही, नंतर पुसून टाकायचा. पाटीच्या मागे गंज धरला असेल किंवा अख्खी बॉडी रंग खरवडून साफ करायची असेल, तरच पाटीला हात लावायचा.

काढायचीच असेल तर आधी फोटो काढा. सरळ समोरून एक आणि तिरप्या उजेडात एक, म्हणजे झिजलेली अक्षरंही दिसतात. पाटीवर कागद धरून वरून शिसपेन्सिल घासली, तर अक्षरांचा ठसा उमटतो. लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो ना, अगदी तसंच.

आता त्या गोल डोक्याच्या रिव्हेटकडे नीट बघा. बऱ्याचदा ती खरी रिव्हेट नसतेच. ती असते ड्राइव्ह स्क्रू. डोक्याला खाच नाही, पण दांड्यावर तिरपे आटे. बिडाच्या बॉडीत भोक पाडून ती हातोडीने ठोकतात आणि आत जाताना ती थोडी फिरते. म्हणजे बाहेर काढतानाही तिला उलटं फिरवायला हवं. पाटीखाली पेचकस घालून उचकटलं, की पितळ वाकलंच म्हणून समजा. एकदा पडलेली ती घडी पुन्हा पूर्ण सरळ होत नाही.

क्रम असा ठेवा. भोक आरपार असेल आणि मागून हात पोहोचत असेल, तर मागून बारीक पंच लावून हलकेच ठोका. इतकं सोपं नशीब क्वचितच मिळतं. भोक बंद असेल, तर गंज सोडवणारं तेल सोडून थांबा. मग धारदार निपरने डोकं कडेने पकडून हळूहळू उलटं फिरवा. पाटीवर चरे पडू नयेत म्हणून डोक्याभोवती पातळ पत्रा ठेवा. तेही जमलं नाही, तर बारीक हॅक्सॉ ब्लेडने डोक्यावर खाच पाडून पेचकसने फिरवा. ड्रिल हा शेवटचा उपाय. गोल डोक्यावर ड्रिल घसरतं आणि घसरलं की थेट पाटीवर. म्हणून आधी कानशीने डोकं सपाट करा, मधोमध सेंटर पंच मारा आणि फक्त डोकं सुटेपर्यंतच ड्रिल चालवा. पाटी निघाली की वर राहिलेला दांडा पकडीत धरून काढता येतो. गॅसची ज्योत लावणं नकोच, अक्षरांमधला रंग जळतो.

पाटी साफ करतानाही घाई नको. ॲल्युमिनिअमची असेल, तर कॉस्टिक सोडा तिला खाऊन टाकतो. छापलेल्या पाटीवर वायर ब्रश मारला, तर अक्षरंच जातात. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासत बसू नका. मास्क, गॉगल आणि मेन स्विच बंद, हे तर हवंच.

पाटी मशीनवर परत जाईपर्यंत तिची ओळख नंबरातही शोधता येते. अमेरिकेच्या साऊथ बेंड लेथचा सिरियल नंबर बेडवरच, टेलस्टॉकच्या टोकाला ठोकलेला असतो. म्हणून बेड घासण्याआधी असे आकडे शोधून लिहून ठेवा. दोन मशीनचं काम एकदम चालू असेल, तर प्रत्येकीची पाटी वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवा. अदलाबदल झाली, तर दोन्ही मशीन कायमच्या खोट्या नावाने जगतात.

मशीन भंगारात आणि पितळी पाटी शोपीस म्हणून कुणाच्या भिंतीवर, हेही घडतं. तशी पाटी दिसते छान, पण कुठल्या मशीनची, हे सांगणारं कोणी उरत नाही.

तर पुढच्या वर्कशॉप प्रॅक्टिकलला दहा मिनिटं लवकर जा. सरांना विचारून कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनची पाटी ओल्या फडक्याने पुसा, वाचा आणि फोटो काढून ठेवा. उद्या कुणी तिला रंग द्यायला घेतलं, तर निदान एक प्रत तुमच्याकडे असेल.