मागच्या सहा टनांचे काय?

शेंदूरजनाघाटच्या आसपास आंबिया बहाराची तोड लागली की ट्रॅक्टरमागे ट्रॉली जुंपली जाते, ती हंगाम उरकेपर्यंत सुटत नाही. नागपूरच्या कळमन्याला जाणारा माल पिकअपमध्ये किंवा ट्रकमध्ये चढतो खरा, पण बागेतून डांबरी रस्त्याला आणि पुढे वरूडच्या मंडीपर्यंत संत्रा येतो तो बहुधा ट्रॉलीतच. दिवस नोव्हेंबरचे असतात आणि सहाला अंधार पडतो. अशा वेळी ट्रॉलीची वायरिंग आणि ब्रेक यांना हौसेची किंवा पासिंगपुरती वस्तू मानणे चूक आहे. ट्रॉली हे सामान नाही, रस्त्यावरचे वाहन आहे. चालकाने पाय दाबला, बटण फिरवले, की ते मागच्या चाकांपर्यंत आणि मागच्या दिव्यांपर्यंत पोचलेच पाहिजे.

आधी दिव्यांचे बघू. ट्रॅक्टरच्या मागे गोल 7 पिनचे सॉकेट असते. त्याच्या ठरलेल्या रचनेत पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेक लाइटची आणि पांढरी अर्थची. यातली पहिल्यांदा दगा देणारी बहुधा पांढरीच, कारण ती वेगळी ओढायची कशाला, हुकाच्या पिनीतून लोखंडाला लोखंड लागतेच, असा सरसकट समज आहे. लागते, पण मध्ये गंज, रंग आणि ग्रीस असते, आणि खड्ड्यात ट्रॉली उसळली की तेवढाही संपर्क सुटतो. मग गंमत सुरू होते. उजवा इंडिकेटर लावला की टेल लाइटही त्याच्याबरोबर मिणमिणतात, ब्रेक दाबला की भलताच दिवा उजळतो. करंटला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. दुकानात मात्र आधी बल्ब बदलला जातो, मग फ्लॅशर, आणि पांढऱ्या वायरीकडे कोणी बघतच नाही. जोड पुरता तुटला नाही, नुसता गंजला तरी नुकसान होते: 12 व्होल्टच्या साध्या बल्बला 10 व्होल्ट मिळाले तर उजेड निम्म्याच्या जवळ येतो. तपासणी सोपी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक मोकळी वायर थेट ट्रॉलीच्या दिव्याच्या बॉडीला लावून पाहावी. दिवे ताळ्यावर आले तर दोष अर्थचाच. ट्रॉली आज एका ट्रॅक्टरमागे तर उद्या भाड्याच्या दुसऱ्याच, त्यामुळे वायरींचे रंग ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

यावर हमखास उत्तर येते की रेडियमची पट्टी आहे ना. पट्टी हवीच. पण ट्रॉली थांबते आहे की उजवीकडच्या बागेत वळते आहे, हे पट्टी सांगत नाही, आणि चिखलाने माखली तर आपण आहोत एवढेही सांगत नाही. ट्रॅक्टर 20 च्या वेगाने, मागची गाडी 80 ने: फरक 60 चा, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर. 50 मीटरवर ट्रॉली दिसली तर हाती तीन सेकंद उरतात. हळू चालणे मागून येणाऱ्याच्या दृष्टीने सुरक्षित नसते.

ब्रेकचा हिशेब याहून कडक आहे. ट्रॅक्टर दोन टनांचा, भरलेली ट्रॉली सहा टनांची धरा. बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. थांबवायचे वजन दोनाचे आठ झाले, ब्रेकचा जोर तोच राहिला, तर थांबायला अंतर सुमारे चौपट लागते. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावर येऊन चाकांची पकड वाढते, हे खरे. चारचाकीला तेही सुख नाही. वीसास एक अशा साध्या उतारावरही सहा टन मागून 300 किलोच्या जोराने ढकलत असतात, आणि इथे तर सातपुड्याचा पायथा आहे. गिअरमध्ये उतरवले की झाले, असे म्हणणाऱ्यांचे निम्मे खरे आहे. इंजिन वेग धरून ठेवते, पण अचानक गाय आडवी आली तर गाडी थांबवत नाही. त्यात शेतात वळायला सोडवलेली डाव्या-उजव्या पेडलची पट्टी रस्त्यावर जोडायची राहून गेली, तर एकच चाक धरते, ट्रॅक्टर तिरपा होतो आणि ट्रॉली त्याला आडवा लोटते. ही पट्टी जोडायला पैसा लागत नाही, म्हणून ती विसरणे मला सगळ्यांत अक्षम्य वाटते.

अमेरिकेत पिकअपमागच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात. चालकासमोरचा कंट्रोलर पिकअप किती झपाट्याने मंदावते ते ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरच्या चाकांतल्या चुंबकांना करंट देतो. ट्रेलर सुटलाच तर त्याच्यावरची छोटी बॅटरी आपोआप ब्रेक लावते. तेच इथे आणावे का? एका चुंबकाला साधारण 3 अँपिअर, चार चाकांना 12. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरला ते झेपेल. पण हे ब्रेक त्याच गंजक्या सॉकेटवर आणि त्याच पांढऱ्या वायरीवर विसंबणार, आणि आपली काळी माती ड्रममध्ये शिरणार. त्यापेक्षा ओव्हररन ब्रेक इथे जास्त जुळेल असे दिसते: ट्रॉली पुढे रेटते तोच रेटा दांड्यातून तिच्या ब्रेकला जातो, वीज लागत नाही. अडचण एकच, रिव्हर्स घेतानाही तो लागतो. बागेत तर निम्मा वेळ रिव्हर्समध्येच जातो, तेव्हा मागे घेताना त्याला अडवणारी खिट्टी आधी बसवावी लागेल.