औषध अंगावर उठते तेव्हा

मोठ्या आजारात औषध लागू पडू लागले की घरातील माणसे जरा मोकळा श्वास घेतात. नेमक्या अशाच वेळी रोग्याच्या चेहऱ्यावर पुरळ उठते, तळपाय ठणकू लागतात, चार पावले उन्हात जाऊन आले तरी गाल भाजल्यासारखे होतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "गोळी उष्ण पडली, काही दिवस बंद ठेवा." रोग्याच्या मनात मात्र वेगळीच भीती असते. हे डॉक्टरांना सांगितले तर ते औषधच काढून घेतील, असे वाटून तो गप्प राहतो. मेलानोमावरील नव्या गोळ्यांच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग सारखेच हानिकारक आहेत.

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग होय. आपल्या देशात तो विरळा आढळतो आणि पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळ्या डागाच्या रूपाने प्रकट होतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांतील सुमारे निम्म्या मेलानोमांत 'ब्राफ' नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे २००२ साली उघडकीस आले. तळपायावरील प्रकारात हा बिघाड कमी वेळा सापडतो. म्हणून गाठीची तपासणी करून तो आढळला तरच या गोळ्या दिल्या जातात. त्यांपैकी व्हेमुराफेनिब या औषधाला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली, तर डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब यांना २०१३ साली.

त्वचेलाच त्रास का?

ब्राफ जनुक पेशीला "वाढ" असा संदेश देणाऱ्या साखळीतील एक कडी आहे. बिघडलेल्या पेशीत हा संदेश अखंड चालू राहतो; गोळी तो थांबवते. पण ज्या निरोगी पेशींत हे जनुक शाबूत असते, तेथे तीच गोळी उलट परिणाम करून संदेश अधिक जोरात धाडते. त्यामुळे त्वचेचा वरचा थर जाड होतो, चामखिळीसारखे कोंब येतात आणि काही वेळा त्वचेचा दुसरा, सौम्य स्वरूपाचा कर्करोगही उद्भवतो. केवळ व्हेमुराफेनिब घेणाऱ्या पाचांतील जवळजवळ एका रोग्यात असे घडल्याचे दिसून आले. साखळीतील पुढची कडी अडविणारे ट्रॅमेटिनिबसारखे औषध जोडीला दिले म्हणजे हा धोका बराच घटतो. म्हणून आज बहुधा दोन औषधांची जोडी देतात. मात्र या दुसऱ्या औषधाने चेहरा, छाती व पाठ यांवर मुरुमांसारखे पुरळ येऊ शकते आणि नखुरडेही होते.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट उन्हाची. व्हेमुराफेनिब घेणाऱ्यास थोड्याच वेळात ऊन बाधते, आणि बाधणारे किरण खिडकीच्या किंवा मोटारीच्या काचेतूनही आत येतात. सावळ्या वर्णामुळे आपण सुरक्षित आहोत, असे मानू नये. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, छत्री आणि उन्हाच्या दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून बचाव करणारे, किमान ३० क्रमांकाचे सनस्क्रीन वापरावे. बाहेर असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

दुसरी गोष्ट हातापायांची. जेथे दाब वा घर्षण पडते तेथे त्वचा जाड होऊन दुखरे घट्टे पडतात. घरातही अनवाणी चालू नये. मऊ पादत्राणे व सुती मोजे वापरावेत. पाय कोमट पाण्यात भिजवून, हलकेच टिपून, डॉक्टरांनी सांगितलेले युरियायुक्त मलम चोळावे. वज्रीने घासणे किंवा पात्याने घट्टा कापणे कटाक्षाने टाळावे. भांडी घासणे, धुणे, खुरपणी ही कामे घरातील इतरांनी वाटून घ्यावीत. दुखऱ्या तळहातांना मलमाइतकाच या विश्रांतीचा उपयोग होतो.

स्नान कोमट पाण्याने, थोडक्यात आटोपावे. साबण सौम्य असावा, आणि अंग ओलसर असतानाच सुगंधविरहित स्निग्ध मलम लावावे. उटणे, लिंबू, हळदीचा वा कडुनिंबाचा लेप या प्रेमाने सुचविलेल्या उपायांनी दाह वाढू शकतो. चेहऱ्यावरील पुटकुळ्या तारुण्यपीटिकांसारख्या दिसल्या तरी त्या तशा नव्हेत. त्या फोडू नयेत. दुकानातून चिठ्ठीविना आणलेली खाज-गजकर्णाची मलमे तर मुळीच लावू नयेत, कारण त्यांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते.

नजर व नोंद

आठवड्यातून एकदा, चांगल्या उजेडात, घरातील एखाद्याने रोग्याची पाठ, टाळू, तळपाय व नखे पाहावीत. सावळ्या त्वचेवर दाह लालसर न दिसता काळपट किंवा जांभळट दिसतो. म्हणून हात लावून ऊष्मा व खडबडीतपणाही जाणून घ्यावा. नवा कोंब, न भरणारी जखम किंवा बदलणारा तीळ आढळल्यास वहीत तारीख लिहून छायाचित्र काढून ठेवावे व लवकर दाखवावे. असा कोंब बहुधा लहानशा शस्त्रक्रियेने काढता येतो आणि गोळी पुढे चालू राहते. डॅब्राफेनिब घेताना तर सुरुवातीस, नंतर दर दोन महिन्यांनी आणि औषध थांबल्यावरही सहा महिन्यांपर्यंत त्वचेची तपासणी करावी असे सांगितले आहे.

काही लक्षणे मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू देत नाहीत. पुरळासोबत ताप येणे, अंगावर फोड येणे, कातडी सुटणे, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण होणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढची गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी संपर्क साधून रुग्णालय गाठावे. पुरळ नसतानाही ताप आल्यास तो कळवावा. कारण डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब यांच्या जोडीने ताप येणे नेहमीचेच आहे.

उरला तो रोग्याच्या मौनाचा प्रश्न. त्रास सांगितला म्हणजे औषध कायमचे बंद होते, ही समजूत खरी नव्हे. पुष्कळदा मलम किंवा प्रतिजैविक पुरेसे होते. कधी डॉक्टर काही दिवस गोळी थांबवून कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. त्रास लपवून तो हाताबाहेर गेला, तर औषध दीर्घकाळ सोडावे लागण्याची वेळ येऊ शकते. आणि घरच्या घरी गोळी बंद केली, तर दबलेला रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून पुढच्या भेटीला जाताना नोंदींची ती वही सोबत न्यावी. रोगी बोलण्यास संकोचला, तर घरातल्या माणसाने ती डॉक्टरांपुढे उघडून ठेवावी.