विंडोजशेजारी लिनक्स, परतीची वाट राखून

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कित्येक लॅपटॉप नियमाने म्हातारे ठरले. ‘लिनक्स टाकून बघ’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. पण टॅली विंडोजवरच चालतं, आणि ऑफिसातल्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली तिथेच नीट उघडतात. मग मधला मार्ग म्हणजे ‘ड्युअल बूट’: एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली, आणि सुरू करताना हवी ती निवडायची.

यात लोक घाबरतात ते लिनक्सला. खरं तर जपायचं असतं डिस्कला. पार्टिशन म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग; ते बदलेपर्यंतची प्रत्येक पायरी मागे घेता येते. पार्टिशन पुसलं की येत नाही. म्हणून सगळी अक्कल त्याआधी खर्च करायची.

सुरुवात बॅकअपने, आणि तोही वेगळ्या हार्ड डिस्कवर. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघाव्यात.

मग बिटलॉकर. अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. या कुलपाची किल्ली टीपीएमकडे असते. यंत्र सुरू होण्याच्या पद्धतीत बदल दिसला की टीपीएम किल्ली देत नाही आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच शोधून कागदावर उतरवून घ्यावी. त्याच लॅपटॉपमध्ये लिहून ठेवली तर उपयोग शून्य.

तिसरी गोष्ट ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज ८पासून ‘शटडाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून अर्धवट झोपतं. त्या अवस्थेत लिनक्सने विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करावी.

आता जागा. सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने; आपल्या फाइली कुठे हलवता येतील हे विंडोजला चांगलं ठाऊक असतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराला किमान २५ जीबी सांगतात. रोजच्या वापराला ५० ते १०० जीबी मोकळी ठेवलेली बरी. मोकळी झालेली जागा फॉरमॅट करू नये, तशीच सोडावी.

उबुंटू किंवा लिनक्स मिंट अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावं, चेकसम (फाइल अखंड उतरल्याची खूण) जुळतो का पाहावं आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर त्यावरून यंत्र सुरू होईल अशा रीतीने लिहावं. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की इन्स्टॉल न करताही लिनक्स वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, प्रिंटर हे सगळं इथेच तपासावं. वायफाय मिळत नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

इन्स्टॉलर पुढे विचारतो, लिनक्स कुठे टाकू? विंडोजच्या शेजारी टाकण्याचा पर्याय निवडावा. ‘इरेज डिस्क’ हे शब्द दिसले तर हात आवरावा, कारण त्याने विंडोजसकट सगळं जातं. स्वतः पार्टिशन निवडत असाल तर १००-२०० एमबीचं ‘ईएफआय’ पार्टिशन फॉरमॅट करायचं नाही. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली तिथेच असतात आणि लिनक्स आपल्या फाइली त्याच पार्टिशनमध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवतं. डिस्कच दिसत नसेल तर दोष बहुधा बायोसमधल्या इंटेलच्या रेड सेटिंगचा असतो. ते घाईने बदललं तर विंडोज सुरू व्हायला नकार देऊ शकतं. अशा वेळी थांबून जाणकाराला विचारावं.

काम झाल्यावर सुरुवातीला ‘ग्रब’चा मेन्यू येतो आणि प्रणाली निवडता येते. पहिल्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर दचकू नका. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला एका कमांडने स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं.

शेजार कायमचा बिनतक्रार राहीलच असं नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल-बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. म्हणून तो पेनड्राइव्ह पुसू नये, दुरुस्तीला तोच लागतो. पुढे लिनक्स नकोसं झालं, तर आधी बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आणावा आणि मगच लिनक्सचं पार्टिशन काढावं.

‘विंडोज १०’ ठेवणार असाल तर ते टॅलीसारख्या कामापुरतं, शक्यतो इंटरनेटविना वापरावं. बँक आणि ईमेल लिनक्सवर. घरात एकच लॅपटॉप असेल आणि उद्या जीएसटीचं रिटर्न भरायचं असेल, तर आज फक्त पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. पार्टिशनला हात पुढच्या आठवड्यात लावला तरी काही बिघडत नाही.