शकुनाचे अर्थशास्त्र

क्रिकेटचा सामना रंगात आला की सुशिक्षित घरांतूनही एक अलिखित आज्ञा सुटते: कोणीही जागेवरून उठावयाचे नाही, उठले की गडी बाद होतो! प्रेक्षकांची ही स्थिती, तर खेळाडूंना दोष काय द्यावा? डेव्हिड शेफर्ड हे इंग्लंडचे नामवंत पंचसुद्धा धावफलकावर १११ चा आकडा लागला की एक पाय उचलीत.

हा निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही. १९४८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले. पक्षी काय करतो याचा दाण्यांशी काहीही संबंध नव्हता. तरीही आठांपैकी सहा कबुतरांना निरनिराळ्या लकबी जडल्या. एक तर स्वतःभोवती फिरू लागले. दाणा मिळाला तेव्हा आपण जे करीत होतो त्यामुळेच तो मिळाला, अशी जणू त्यांची समजूत झाली. शतक झाले त्या दिवशीचे हातमोजे जपणारा फलंदाज याहून वेगळे काय करतो?

पण माणूस सर्वत्र सारखेच शकुन पाळीत नाही. स्वतः बेसबॉल खेळलेले मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज ग्मेल्च यांनी १९७१ साली दाखवून दिले की, त्या खेळातील तोडगे चेंडू फेकणारा आणि टोलवणारा यांच्यापाशी अधिक. क्षेत्ररक्षकापाशी ते क्वचितच. क्षेत्ररक्षकाला शंभरांत सुमारे सत्त्याण्णव वेळा यश येते, तर उत्तम फलंदाजालाही दहांत तीनदाच. जेथे अनिश्चितता, तेथे शकुन.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा विम्याचा हप्ता होय. तो स्वस्त असतो आणि मनाला थोडे स्वास्थ्य देतो. एवढ्यावर थांबले तर तक्रार नाही. परंतु नुकसान झाल्यावर या विम्यातून भरपाई मिळत नाही. उलट खरा खर्च तेव्हाच सुरू होतो. परीक्षेला विशिष्ट पेनच हवे, असा हट्ट धरणारे विद्यार्थी मी पाहतो. पेपर बिघडला की दोष पेनावर जातो आणि चुकलेले उत्तर तपासावयाचे राहून जाते. हाच दोष पुढे एखाद्या माणसावर जातो; कोणी तरी ‘पांढऱ्या पायाचे’ ठरते.

खेळाडूने डावा पॅड आधी बांधावा की उजवा, हा त्याचा प्रश्न. बाद झाल्यावर मात्र त्याने पॅडकडे न पाहता आपल्या फटक्याकडे पाहावे. हारजितीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावयास शिकविणे, हेच खेळाचे आणि शिक्षणाचेही समान प्रयोजन आहे.