आवाजातला कंप कसा मोजावा?

अल ग्रीन या अमेरिकन गायकाचा ‘लेट्स स्टे टुगेदर’ हा 1972 सालचा अल्बम सोल संगीतात अभिजात मानला जातो. त्याच नावाचे त्यातले प्रेमगीत ऐका. गायक जवळजवळ कुजबुजतो. निर्माता विली मिचेल यांचा आग्रहच होता की आवाज हलका ठेवावा. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले म्हणून हे शक्य झाले. त्याआधी कर्ण्यासमोर उभे राहून मोठ्याने गावे लागे.

आपल्याकडे हलक्या आवाजातले प्रेमगीत त्याच्या वीसेक वर्षे आधी रुजले होते. लखनौ छावणीतून थोड्याच अंतरावर कैसरबाग आहे. तिथे पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये सुरू झालेल्या मॅरिस कॉलेजात तलत महमूद शिकले. त्यांच्या आवाजात बारीक कंप होता. मुंबईत काहींना तो दोष वाटला आणि तलतही तो दाबू लागले. संगीतकार अनिल विश्वास यांनी मात्र कंप हवाच, असे सांगितले. ‘आरझू’ (1950) मधले त्यांचे गाणे त्या कंपासकट गाजले.

आता हा कंप मोजू. हे वारंवारतेचे मॉड्युलेशनच आहे, एफएम रेडिओसारखे, फक्त फार मंद. समजा, मूळ स्वर 220 हर्ट्झ आहे, तो अर्धा-अर्धा सेमीटोन वर-खाली होतो आणि सेकंदाला 6 वेळा. अर्धा सेमीटोन म्हणजे सुमारे 2.9 टक्के, म्हणून स्वर 214 ते 226 हर्ट्झमध्ये हलतो.

गाण्यातला एखादा लांबवलेला स्वर घ्या आणि 50 मिलिसेकंदांची खिडकी ठेवून स्पेक्ट्रोग्राम काढा. या खिडकीचे विभेदन साधारण 20 हर्ट्झ, आणि कंपाची पूर्ण रुंदी जेमतेम 12! त्यामुळे मूळ स्वराची रेषा सपाटच दिसते, आणि दरवर्षी निम्मा वर्ग ‘कंप आढळला नाही’ असे लिहून देतो. दहावा हार्मोनिक पाहा. 2200 हर्ट्झवर हाच कंप दहापट, म्हणजे सुमारे 128 हर्ट्झ रुंद होतो. रेषा स्पष्ट नागमोडी दिसते. उलट, 1 सेकंदाची खिडकी घेतली तर नागमोड नाहीशी होऊन 220 च्या दोन्ही बाजूंना 6-6 हर्ट्झ अंतरावर उपपट्टे उमटतात. ध्वनी तोच असतो. तुम्ही काळाचे विभेदन दिले आणि वारंवारतेचे घेतले, इतकेच.

हे केवळ प्रात्यक्षिकापुरते नाही. आज स्टुडिओत सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर सर्रास वापरतात. ते प्रत्येक क्षणाचा स्वर मोजून जवळच्या ठरलेल्या स्वरावर ओढते. आपल्या उदाहरणात 214 काय नि 226 काय, दोन्हींचा जवळचा स्वर 220 च. दुरुस्तीचा वेग सर्वाधिक ठेवला, तर जे अनिल विश्वासांनी राखायला सांगितले नेमके तेच पुसले जाते. वेग कमी करत जा आणि सेकंदाला 6 वेळा होणारा कंप कोणत्या मूल्याला परत दिसू लागतो, ते नोंदवा.