पाव महागला, राजा गेला

१७८८ च्या जुलैत फ्रान्सच्या सरकारने एक अजब आवाहन काढलं. देशाची महासभा, म्हणजे ‘एस्टेट्स जनरल’, बोलवायची आहे. ती कशी भरवतात, कोण कुठे बसतं, मतं कशी मोजतात याचे जुने कागद कुणाकडे असतील तर शोधून कळवावं! कारण ही सभा शेवटची भरली होती १६१४ मध्ये. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत प्रजेला असं एकत्र बसवून एकाही राजाने काही विचारलं नव्हतं. विद्वानांनी कळवलं, भरपूर कळवलं. पुस्तिका-पत्रकांचा नुसता पाऊस पडला. सभा कशी भरवायची हे राहिलं बाजूला, ती कुणाची आणि कुणासाठी यावरच लोक हमरीतुमरीवर आले. राजेशाहीवरच्या जाहीर वादाचा नारळ असा खुद्द राजानेच फोडला.

एवढी नड का पडली? तिजोरीत खडखडाट. इंग्रजांची खोड मोडायची म्हणून सोळाव्या लुईने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात एक अब्जाहून जास्त लिव्र ओतले. अमेरिका सुटली आणि फ्रान्स सावकारांच्या दारात उभा राहिला. १७८८ मध्ये सरकारी खर्चातला जवळपास निम्मा नुसत्या व्याजात जात होता. राणीच्या झग्यांनी देश बुडवला असं लोक म्हणायचे, पण अख्ख्या दरबाराचा खर्च शेकडा सहाच्या आसपास होता. परक्या राजाविरुद्धच्या बंडाला दिलेली वर्गणी जास्त महागात पडली. त्यात उमराव आणि धर्मगुरू बहुतेक करांतून मोकळे, त्यामुळे वसुली शेतकऱ्याकडूनच.

मिठाची तर कथाच निराळी. उत्तर फ्रान्सच्या मोठ्या पट्ट्यात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाने ठरावीक मीठ सरकारी भावाने घेतलंच पाहिजे, असा नियम होता. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात मात्र मिठाला कर नाही, भाव कितीतरी पटींनी कमी. मग काय, चोरटा व्यापार जोरात! शिकवून तयार केलेली कुत्रीसुद्धा अंगावर मिठाच्या पुरचुंड्या घेऊन रातोरात हद्द ओलांडायची. मिठाला हात घालणाऱ्या सरकारचं काय होतं, हे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवरचा सत्याग्रह पाहिलेल्या मुलखाला वेगळं सांगायला नको.

गारा आणि भाकरी

१३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्समध्ये गारांनी उभं पीक झोपवलं. पुढचा हिवाळा इतका कडक की सीन नदी गोठली. चार पौंडी पाव साडेचौदा सूंवर जाऊन बसला, आणि पॅरिसच्या बिगाऱ्याची दिवसाची कमाई होती वीस ते तीस सू. घरात चार तोंडं असतील तर पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

‘भाकरी नाही? मग केक खा’ हे राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घातलेलं वाक्य तिचं नव्हेच. एका राजकन्येचा असा किस्सा तत्त्वज्ञ रूसोने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला तेव्हा मारी दहा-अकरा वर्षांची, व्हिएन्नात खेळत होती. फ्रान्सला आलीसुद्धा नव्हती.

एकटा पडलेला सदस्य

महासभा भरली मे १७८९ मध्ये. २० जूनला सामान्यांचे प्रतिनिधी सभागृहाशी आले तर दाराला कुलूप, बाहेर शिपाई, वर पाऊस. मंडळी जवळच्या टेनिसच्या बंदिस्त मैदानात घुसली आणि राज्यघटना होईपर्यंत पांगणार नाही अशी शपथ घेऊन मोकळी झाली. पाचशेहून जास्त सह्या झाल्या. एकाने मात्र नाही म्हटलं: मार्तां दोश. राजाच्या मान्यतेशिवाय शपथ घेणार नाही, म्हणाला. चित्रकार दाविदने या प्रसंगाचं चित्र काढलं त्यात सगळ्यांचे हात हवेत आहेत आणि हा गडी कोपऱ्यात छातीशी हात आवळून बसलाय. माझ्या मते त्या दिवशी मैदानातला सगळ्यात धीट माणूस तोच होता.

त्याच उन्हाळ्यात सभेत राजाची बाजू घेणारे अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसू लागले, बदल मागणारे डावीकडे. आपले डावे-उजवे अजून त्याच बाकांवर आहेत.

तुरुंगात किती? सात!

१४ जुलैला पॅरिसकरांनी बॅस्टिल हा किल्लेवजा तुरुंग फोडला तो कैदी सोडवायला नव्हे, दारूगोळ्यासाठी. सकाळी दुसरीकडून हजारो बंदुका हाती लागल्या होत्या, पण दारूशिवाय बंदूक म्हणजे लाकडाचा दांडका. आत कैदी निघाले सात: चार बनावट हुंड्या करणारे, दोन वेडे आणि घरच्यांनीच डांबलेला एक उमराव. बदनाम लेखक मार्की द साद दहा दिवस आधीच दुसरीकडे हलवला होता, नाहीतर मिरवणुकीत तोही असता. राजाने त्या दिवशी रोजनिशीत एकच शब्द लिहिला, ‘काही नाही’. हसू येतं खरं, पण ती वही मुख्यतः शिकारीची होती, आणि शिकार झाली नव्हती.

धंदा केला तो पालोय नावाच्या ठेकेदाराने. किल्ला पाडायचं काम त्याच्याकडे. त्याने बॅस्टिलच्याच दगडांतून बॅस्टिलच्या छोट्या प्रतिकृती कोरून घेतल्या आणि देशभर पाठवल्या. क्रांती आठवडाभराचीही झाली नव्हती, तेवढ्यात तिची आठवणभेट बाजारात येण्याच्या वाटेवर होती.

ऑक्टोबरात बाजारातल्या बायका तोफा ओढत, पावसात भिजत व्हर्सायच्या राजवाड्यावर चालत गेल्या आणि राजाराणीला पॅरिसला घेऊनच आल्या. आता पाव मिळणार म्हणून वाटेत लोक ओरडत होते: भटारी आणला, भटारीण आणली, भटाऱ्याचं पोर आणलं!

पळाले, पण गुडघ्यांनी घात केला

मला विचाराल तर राजेशाही बॅस्टिलला मेली नाही, ती मेली वारेन गावच्या किराणा दुकानात. २० जून १७९१ च्या रात्री राजघराणं वेश बदलून राजवाड्यातून निसटलं. मुलांची दाई झाली रशियन सरदारीण, राणी झाली तिच्या मुलांची शिक्षिका, राजा झाला नोकर. सहा वर्षांच्या युवराजाला मुलीचा झगा घातला, त्याला वाटलं नाटक करायचंय. राणी भेटीच्या जागी येताना पॅरिसच्या गल्ल्यांत वाट चुकली. घोडागाडी नवीकोरी, अवजड, आत खाण्यापिण्याच्या टोपल्या. घाई करायची तर अशी गाडी कशाला, हे कुणी विचारलं नसावं. उशिरावर उशीर होत गेला आणि वाटेत थांबलेले राजनिष्ठ घोडेस्वार कंटाळून निघून गेले.

सँत-मेनेऊच्या टपालचौकीवरच्या द्रुएला संशय आला. तो आडवाटेने वारेनला पुढे पोहोचला आणि गावाचा पूल गाडा आडवा लावून बंद केला. पाहुण्यांना सोस नावाच्या वाण्याच्या माडीवर नेलं. परवाना तर चोख होता, सोस घोटाळ्यात पडला. व्हर्सायला राहून आलेला गावचा न्यायाधीश देस्तेझ याला झोपेतून उठवून आणलं. तो माडीवर आला, समोर पाहिलं आणि सवयीने गुडघ्यांवर बसला: ‘महाराज!’ झालं. त्याच्या निष्ठेनेच राजाचं बिंग फोडलं.

परतताना पॅरिसमध्ये पाट्या लागल्या होत्या: राजासाठी टाळ्या वाजवणाऱ्याला छड्या, शिव्या देणाऱ्याला फाशी. प्रचंड जमाव टोप्यासुद्धा न काढता उभा होता. २१ जानेवारी १७९३ ला लुईचं डोकं उडालं. त्याच्या मृत्यूच्या बाजूने मत देणाऱ्यांत त्याचा चुलतभाऊ होता. त्या भावाचंही डोकं त्याच नोव्हेंबरात गेलं, आणि त्या भावाचा मुलगा १८३० मध्ये फ्रान्सचा राजा झाला!

ही डोकी उडवणारं गिलोटिन डॉक्टर गिलोतँने बनवलं नाही. आराखडा दुसऱ्या डॉक्टरचा, त्याचंही नाव लुई; पहिलं यंत्र केलं ते हार्प्सिकॉर्ड हे वाद्य बनवणाऱ्या श्मिट या जर्मन कारागिराने. २५ एप्रिल १७९२ ला ते एका वाटमाऱ्यावर पहिल्यांदा चाललं आणि बघे नाराज झाले, फार लवकर संपलं म्हणून. त्याच रात्री स्ट्रासबुर्गमध्ये एक लष्करी अधिकारी फ्रान्सचं राष्ट्रगीत लिहीत बसला होता. पुढे क्रांतीच्या सरकारने चालवलेल्या दहशतीच्या काळात सुमारे सतरा हजार जणांना न्यायालयांनी मृत्युदंड दिला. त्यात उमराव दहातला एकही नाही. बाकी बहुतेक शेतकरी, कारागीर, दुकानदार.

नाताळचं नाव कुत्रा

मग राजाची वेळही काढून टाकायची ठरली. नवं कॅलेंडर आलं: दहा दिवसांचा आठवडा, म्हणजे सुट्टी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. कामगारांना हे किती आवडलं असेल? संतांच्या नावांऐवजी प्रत्येक दिवसाला झाड, जनावर किंवा अवजाराचं नाव. २५ डिसेंबर झाला ‘कुत्रा’, २८ डिसेंबर ‘शेणखत’. महिन्यांची नावं देणारा कवी फाब्र देग्लांतीन स्वतः १६ जर्मिनालला गिलोटिनवर गेला. त्या दिवसाचं नाव होतं ‘लेट्यूस’. दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं अशी घड्याळंही निघाली. ती वर्षभरही टिकली नाहीत. कॅलेंडर नेपोलियनने १८०६ च्या पहिल्या दिवशी गुंडाळलं. तोवर तो सम्राट झालेला होताच.

पत्त्यांतले राजे-राण्याही हद्दपार झाले. नोत्रदामच्या दर्शनी भागावरच्या २८ राजांच्या पुतळ्यांची डोकी उडवली. ते फ्रान्सचे नव्हे, बायबलमधले राजे होते, पण खातरजमा कोण करणार! त्यातली २१ डोकी १९७७ मध्ये पॅरिसच्या एका बँकेच्या खोदकामात सापडली. आणि फ्रान्समध्ये गिलोटिन शेवटचं चाललं तेही १९७७ मध्येच.

परस्परसंमतीचा घटस्फोट क्रांतीने १७९२ मध्ये दिला. १८१६ मध्ये घटस्फोटच बंद झाला, आणि संमतीचा परत मिळायला १९७५ उजाडलं.

टिकलं ते माप. मीटर ठरवण्यासाठी डंकर्क ते बार्सिलोना जमीन मोजायला निघालेल्या देलांब्र या खगोलशास्त्रज्ञाला गावकऱ्यांनी हेर समजून अडवलं. सात वर्षांनी मीटर ठरला, तोही केसभर आखूड. आपल्याकडे १९५६ चा कायदा आला, शेर-मण गेले. तरी मंडईत आपण ‘पावशेर मिरच्या’ मागतो आणि मावशी मुकाट अडीचशे ग्रॅम तोलते.

किल्ली, खडूची खूण आणि पुणे

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच क्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, ते बुद्धाच्या शिकवणीतून घेतले, हे डॉ. आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर बजावून सांगितलं होतं. तेव्हा तो धागा जोडायला नको. दुसरा आहे.

बॅस्टिलची किल्ली फ्रेंच सेनानी लाफाएतने जॉर्ज वॉशिंग्टनला भेट धाडली. ती अजून अमेरिकेत वॉशिंग्टनच्या घरात आहे. पोहोचवण्यासाठी ती दिली होती थॉमस पेनच्या हवाली. हा इंग्रज पुढे फ्रान्सच्या संसदेत निवडून गेला. फ्रेंच येत नसे, भाषण दुसऱ्याने वाचायचं. राजाला मारू नका, अमेरिकेला पाठवा, म्हणाला आणि शेवटी स्वतः तुरुंगात गेला. तिथली हकीकत त्यानेच सांगितली आहे. ज्यांना गिलोटिनवर न्यायचं त्यांच्या दारावर खडूने खूण व्हायची. पेन तापाने फणफणलेला, दार वाऱ्यासाठी सताड उघडं, त्यामुळे खूण पडली आतल्या बाजूला. रात्री दार लावलं, खूण आत राहिली. काही दिवसांत दहशतीचा म्होरक्या रोबेस्पिएरच गिलोटिनवर गेला आणि पेन वाचला.

या क्रांतीची बाजू मांडायला त्याने १७९१ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं होतं. ते पुस्तक १८४७ मध्ये पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांनी वाचलं. भिडेवाड्यातली मुलींची शाळा पुढच्याच वर्षीची.